मत मागायला येणाऱ्याला काय विचारावे?

(उमेळे येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून निवडणुकीचा विषय कशाला, अशी शंका काही पालकांच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. येथे कोणत्याही पक्षासाठी मते मागायची नाहीत, आणि कोणाला मत देऊ नका असे सांगण्याचाही माझा अधिकार नाही. परंतु ज्या मुलाने दहावीला नागरिकशास्त्राचा पेपर लिहिला, त्याच्या घरी मतदानाच्या आदल्या रात्री कोणीतरी येतो, “आपल्या मोहल्ल्याचे ठरले आहे” असे सांगून जातो, आणि घरातील सुशिक्षित माणसेही मान डोलावतात. मग त्या पेपरातील गुणांचे करायचे काय? म्हणून हा विषय शाळेचाच आहे असे मी मानतो.

प्रचार म्हणजे भोंगा, झेंडे आणि बिर्याणी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पण महाराष्ट्राने वेगळा प्रचारही पाहिला आहे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा गाजत होत्या. त्या काळी भाषणांपूर्वी डफावर थाप पडे आणि शाहीर अमर शेख उभे राहत. हे अमर शेख म्हणजे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. गरिबीत वाढलेला, मोटारीवर क्लीनरचे काम केलेला हा माणूस. त्यांच्या जोडीला अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर होते. मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र मिळावा, कामगाराला न्याय मिळावा, हे त्यांचे मागणे. लाखोंच्या सभेत या मुसलमान शाहिराला कोणी त्याची जमात विचारली नाही, आणि त्यानेही जमातीच्या नावाने कोणाकडे मत मागितले नाही. १ मे १९६० ला राज्य झाले, त्यात त्या आवाजाचा वाटा आहे. आपल्या मुलांना अमर शेख यांचे नाव ठाऊक नसते, ही गोष्ट मला खटकते. शाळेच्या ग्रंथालयात त्यांच्यावरील एखादे पुस्तक तरी असावे.

दुसरे उदाहरण मृणाल गोरे यांचे. गोरेगावच्या वस्त्यांत नळाला पाणी नव्हते, त्यासाठी बायकांना संघटित करून त्या रस्त्यावर आल्या. १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, १९७२ साली विधानसभेत आणि १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेत. लोक त्यांना ‘पानीवाली बाई’ म्हणत. निवडणूक आली म्हणून त्या वस्तीत गेल्या नव्हत्या. वस्तीत आधी काम झाले आणि निवडणूक मागाहून आली. उमेदवार पारखण्याची याहून साधी कसोटी मला ठाऊक नाही. हा माणूस गेल्या पावसाळ्यात कोठे होता?

आता प्रचाराची दुसरी बाजूही पाहू. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले येथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. तेथे धर्माच्या नावाने मते मागितली गेली. प्रभाकर कुंटे यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुढे शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या एका खटल्यात, २ जानेवारी २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की उमेदवाराच्या धर्माचे नाव घेऊन मते मागणे जसे भ्रष्ट आचरण, तसेच मतदाराच्या धर्माचे नाव घेऊन मते मागणेही.

हा निकाल वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना समाधान वाटते, कारण समोरचा पकडला गेला. पण कायद्याचे हे पाते दोन्ही बाजूंनी चालते. २०२४ च्या विधानसभा प्रचारात ‘व्होट जिहाद’ हा शब्द आपल्याविरुद्ध वापरला गेला, ‘बटेंगे तो कटेंगे’च्या घोषणा झाल्या. त्याचा आपल्याला संताप आला आणि यायलाच हवा होता. त्याच वेळी आपल्याकडून काय झाले? एका नामवंत मौलानांनी राज्यभरच्या उमेदवारांची यादीच जाहीर केली आणि ती यादी मोबाईलवरून घरोघर पोहोचली. कायद्यात ते कोठे बसते ते वकील पाहतील. मला एवढेच विचारायचे आहे की उमेळ्यातील गटार कोण साफ करील, वसईतील रुग्णालयात डॉक्टर कोण आणील, हे त्या यादीत कोठे होते? मौलानांचा मान मशिदीत आणि मदरशात आहे, तो तसाच राहावा. नमाजाचा इमाम ज्याने त्याने मानावा, मताचा इमाम ज्याचा तोच असतो.

“साहेब, भीती असते, म्हणून एकगठ्ठा मते द्यावी लागतात,” असे कोणी म्हणेल. मी ही भीती हसण्यावारी नेत नाही. १९९२-९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना ते दिवस विसरा असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये. जिवाची सुरक्षितता हाही मतदानाचा मुद्दाच आहे, आणि तो उमेदवाराला उघड विचारावा. पण गठ्ठा बांधला की त्याला गाठ मारणारा एक माणूस लागतो. तो गाठ मारणारा मग आपल्या वतीने व्यवहार करतो. मोहल्ल्यात पाण्याची टाकी येत नाही, त्याच्या भावाला ठेका मात्र मिळतो. आणि ज्या पक्षाला गठ्ठा न मागताच मिळणार, त्याला आपल्यासाठी काही करण्याचे कारण उरत नाही. ज्याला मिळणारच नाही, त्यालाही उरत नाही.

आपल्या शेजारीच, वसईच्या पश्चिम पट्ट्यात, याहून चांगला धडा आहे. तेथील ख्रिस्ती समाजही अल्पसंख्याकच आहे. १९८९ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’साठी चळवळ उभारली. विहिरी खाऱ्या होतील, बागायती जातील, टँकरवाले माजतील, असे ते सांगत होते. तो लढा ख्रिस्ती लोकांनी चर्चसाठी केला नाही. जमीन आणि पाणी यांसाठी केला, म्हणून त्यात हिंदू शेतकरीही आले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावे वगळावीत म्हणून आंदोलन पेटले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईतून विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. वेठबिगार आदिवासींसाठी वर्षानुवर्षे झटलेला हा माणूस ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती मतदारांनी आपल्या प्रश्नाला मत दिले, आपल्या आडनावाला नाही. गावांचा वाद पुढे उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला, तो भाग निराळा. पण वसईत कोणत्याही पक्षाला त्या पट्ट्यात जाऊन पाणी आणि हरित पट्टा यांवर बोलल्याशिवाय राहता येत नाही. आपल्या मोहल्ल्यात येणारा उमेदवार कशावर बोलतो? ईदगाहची भिंत आणि कब्रस्तानचा दिवा. दोन्ही हवेत, कोण नको म्हणतो? पण जिवंत माणसांचे काय?

जिवंत माणसांचा प्रश्न किती जवळ आला आहे ते पाहा. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतील ४१ इमारती २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. आयुष्याची कमाई घालून खोली घेतलेले हे लोक. इमारत उभी राहताना कोणी पाहिले नाही, वीज आली, मते मागणारेही त्या जिन्यावरून चढले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जीव गेले. तेव्हा महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. २०२० मध्ये मुदत संपली, प्रथम कोरोनाचे आणि मग आरक्षणाच्या खटल्याचे कारण झाले, आणि जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासकाचाच कारभार चालला. साडेपाच वर्षे दाखल्यासाठी, नळासाठी कोणाकडे जावे हे माणसाला कळत नव्हते. नगरसेवक नसणे म्हणजे काय, हे ज्यांना तेव्हा कळले, त्यांनी तरी मताला फुकटची वस्तू समजू नये.

आणि एका मताने काय होते, असेही म्हणू नये. २०२४ ला वसई विधानसभेचा निकाल ३,१५३ मतांनी लागला. उमेळ्यासारख्या दोन-चार गावांतील घरी बसलेली माणसे मोजली तरी हा आकडा भरेल. त्या निवडणुकीत बहुजन विकास आघाडी हरली, आणि चौदा महिन्यांनी महापालिकेत त्याच आघाडीला लोकांनी बहुमत दिले. कोण चांगले, कोण वाईट, हे मी सांगत नाही. येथील मतदार मुंबईच्या विधानभवनाचा हिशेब वेगळा आणि विरारच्या मुख्यालयाचा हिशेब वेगळा करतो, एवढे त्यातून दिसते. हा हिशेब आपणही करावा.

महापालिकेच्या मतदानाबद्दल थोडे व्यावहारिक बोलतो, कारण जानेवारीत पुष्कळ वडीलधारी माणसे केंद्रावर गोंधळली. आता एका प्रभागात बहुधा चार जागा असतात, अ, ब, क, ड. प्रत्येक मतदाराला चार मते. चारही जागांसाठी बटन दाबल्यावरच मत पूर्ण होते. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तेथे ‘नोटा’ आहे. याचा अर्थ असा की चारही मते एकाच निशाणीला देण्याची सक्ती नाही. कार्यकर्ते मुद्दाम तसे भासवतात. चार माणसे स्वतंत्र पारखून घ्या.

या चारांतील अर्ध्या जागा स्त्रियांच्या. २०११ पासून राज्यातील स्थानिक संस्थांत पन्नास टक्के आरक्षण आहे. येथे मला पालकांशी स्पष्ट बोलायचे आहे. आरक्षित जागा आली की आपल्याकडे उमेदवार शोधला जातो तो असा: अमक्याची बीबी, तमक्याची बहू. निवडून ती येते आणि सही शौहर करतो. भाषणही तोच करतो! आपल्या समाजातील मुली आज पदवीधर होत आहेत, शिक्षिका आहेत, वकील आहेत. एकविसाव्या वर्षी नगरसेवक होता येते. बागवान, तांबोळी, अत्तार, मन्सुरी, मोमीन या बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत, त्यांच्या मुलींना राखीव जागेचा दुहेरी मार्ग आहे. मात्र त्यासाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून मिळत नाही. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्याचे काम आजच सुरू करावे. तोच कागद उद्या महाविद्यालयातील प्रवेशालाही उपयोगी पडेल.

भगिनींनो, आणखी एक. २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे महिन्याला दीड हजार रुपये अनेकींच्या खात्यात येऊ लागले. ते अवश्य घ्यावेत. तो सरकारी खजिना आहे, त्यात तुम्ही साबणावर भरलेला करही आहे. पण त्या बदल्यात मत देणे लागते असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि शौहरने “इथे बटन दाब” म्हटले, तर “विचार करते” एवढे उत्तर पुरे. पडद्याआड दुसरा कोणी नसतो.

विद्यार्थ्यांसाठी माझ्याकडे एक काम आहे. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते कोणालाही पाहता येते. निवडणुकीच्या काळात ते उतरवून घ्या आणि रात्री जेवणानंतर अम्मी-अब्बांना, दादीला वाचून दाखवा. पाच वर्षांत मालमत्ता कितीने वाढली, ही वजाबाकी पाचवीच्या मुलालाही येते. मग उमेदवार आला की तीन-चार प्रश्न लिहून त्याच्या हातात द्या. सूर्या योजनेतून शहरासाठी मंजूर झालेले रोज १८५ दशलक्ष लिटर पाणी आमच्या नळापर्यंत किती येते? जुलैत रेल्वेरुळांवर आणि मिठागरांच्या बाजूला पाणी तुंबते त्याचे काय करणार? आमची इमारत अधिकृत आहे की नाही, हे लेखी देणार काय? मराठी आणि उर्दू शाळांत शिक्षक कधी भरणार? उत्तर तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची नावे यादीत आहेत का, तेही पाहा. आता वर्षातून चार तारखांना, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी, वय धरले जाते. नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. भाड्याची खोली बदलली की आपली नावे गळतात, आणि ते कळते मतदानाच्या दिवशी. आज सभा संपल्यावर शिक्षक मंडळी बाहेरच्या टेबलावर कोरे नमुने घेऊन बसणार आहेत. जाताना ते घेऊन जा.