खाड्यांच्या हिशेबाने किनारा



सायकलने गोवा गाठायचा तर पनवेलकराइतकी सोय कुणाचीच नाही. महामार्ग आपल्या पळस्प्याहून सुटतो आणि परतताना कोकण रेल्वेची गाडी आपल्याच स्टेशनात उतरवते. तरी माझं पहिलं सांगणं हे, की तो महामार्ग वडखळपर्यंतच वापरा. वासुदेव बळवंतांचं शिरढोण, कर्नाळ्याचा सुळका, पेण एवढं पहाटेच मागे टाका आणि वडखळ नाक्याला उजवीकडे अलिबागची वाट धरा.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं बहुतेकांना वाटतं. तसं मुळीच नाही. सह्याद्रीतून आलेली नदी खाडी होऊन समुद्राला मिळते, आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा उभा असतो. खाडीशी उतरायचं, पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचं, हे दिवसभर चालतं. सामानासकट पन्नास-साठ किलोमीटर झाले की पुरे म्हणा. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती साधारण सारख्या दातांची असली, तर आंजर्ल्याचा चढही बसून निघतो. सायकलच्या किमतीपेक्षा मी या एका गोष्टीला जास्त मोल देतो.

म्हणून बेत किलोमीटरवर आखू नका, खाड्यांवर आखा. जयगडपर्यंत चार ठिकाणी जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, खाडी ओलांडावी लागते: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. तिथून पुढे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या मुक्कामी विचारून ठेवा. ती हुकली तर वळसा घालण्यात अख्खा दिवस जातो. मुक्काम खाडी ओलांडल्यावर करावा, सकाळ मोकळी मिळते.

आता तंबूचं. इथे पंचांग कामाला येतं. कोकणात भरतीचा हिशेब तोंडी करतात: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे जाल तशी ही वेळ थोडी अलीकडे येते, पण रात्रीचा अंदाज बांधायला एवढं पुरतं. पुनवेला, अवसेला आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. वाळूवर सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची ओळ दिसते ना, ती कालच्या भरतीची हद्द. तंबू तिच्या बराच वर हवा, आणि माडाखाली तर कधीच नको. नारळ अंगावर पडला तर जीव जातो. सुरूच्या बनातली सावली मोह घालते, पण ती जागा बरेचदा वनखात्याची असते. त्यापेक्षा दिवस मावळायच्या आत गावात शिरा, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटा, देवळाचं किंवा शाळेचं आवार मागा. विहिरीचं पाणी, मोरी आणि सोबत तिथेच मिळते.

आणखी एका कारणासाठी मी वाळूवर तंबू टाकू नका म्हणतो. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं याच पुळणींवर अंडी घालायला येतात. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था आणि गावकरी यांनी त्यांची घरटी राखायला सुरुवात केली. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की उजळ दिसणाऱ्या समुद्राकडे धावतात. तुमचा दिवा किंवा शेकोटी पेटलेली असेल, तर ती उलट्या दिशेला जातात. एवढ्या माणसांची मेहनत आपल्या एका रात्रीच्या हौसेपायी वाया जावी, हे मला सहन होत नाही.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर सायकल छान पळते, हे खरं. पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने साखळी धुऊन, पुसून तेल दिलं नाही, तर सकाळी ती गंजाने लाल झालेली दिसेल. परतताना सायकल पार्सल म्हणून नोंदवावी लागते. गाडीत चुलीचं गॅसचं डबडं चालत नाही, ते संपवूनच स्टेशनावर या.

निघायचं दिवाळीनंतर, पाऊस पुरता उघडला की. त्याआधी एवढं करा: सगळं सामान लादून पनवेल ते रेवदंडा जा, रात्री तंबूत झोपा आणि दुसऱ्या दिवशी परत या. न लागलेली प्रत्येक वस्तू घरी काढून ठेवा, आणि मगच गोव्याहून परतीचं तिकीट काढा.