फडक्यांची नायिका आणि आमची महिनाअखेर



ना. सी. फडके हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कथानक कसे गुंफावे, पात्र कसे उभे करावे, हे त्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून उघड सांगितले. प्रेमकथा नुसती स्फुरत नाही, ती मेहनतीने घडवावी लागते, हे वाचून आम्हां कामगारांना ते आपल्यांतलेच कारागीर वाटले.

पण त्यांचे नायक-नायिका रुसतात, भेटतात. त्यांच्या घरी महिनाअखेर मात्र क्वचितच येते. टाळेबंदीच्या दिवसांत या वर्तकनगरात ठरलेली लग्ने मोडलेली आम्ही पाहिली आहेत. प्रेम तेथेही होतेच; पगार नव्हता.

म्हणून लिहिणाऱ्या तरुणांनो, तंत्र फडक्यांकडून जरूर शिका. माणसे मात्र आपल्या वस्तीतून घ्या.