‘सुटका’ या शब्दाचा अर्थ



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून होणाऱ्या व्याख्यानाचा विषय एखादा शब्द असावा, हे औचित्याला सोडून होणार नाही. आजचा शब्द आहे ‘सुटका’. मराठी मुलाला हा शब्द प्रथम भेटतो तो इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात, ‘आग्र्याहून सुटका’ या धड्यात. दारावर पहारा होता, आत असलेल्याला बाहेर पडायचे होते आणि तो बाहेर पडला. शब्दाचा अर्थ इतका निःसंदिग्ध की त्याचे स्पष्टीकरण देण्याची गरज कोणाही गुरुजींना भासली नसेल.

हाच शब्द वृत्तपत्राच्या आतल्या पानावर वेगळ्या रूपात भेटतो. अमुक ठिकाणी पोलिसांनी छापा घातला, इतक्या महिलांची सुटका केली, आणि लगोलग पुढच्याच वाक्यात, त्यांची रवानगी महिला सुधारगृहात करण्यात आली. पहिल्या वाक्यातील सुटका दुसऱ्या वाक्यात कुलूपबंद होते. सुधारगृहाच्या दारावर पहारा असतो, आतल्या स्त्रीला बाहेर जायचे असते, आणि तिला जाऊ दिले जात नाही. असे असूनही सरकारी कागदावर ती ‘सुटका झालेली’ स्त्री असते. शब्द आपल्याच अर्थाविरुद्ध उभा राहतो तो असा.

हा विषय बमरोलीच्या श्रोत्यांसमोर मांडताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तो दूरचा नाही. ताप्तीच्या खोऱ्यातील रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारहून सुरतेला येऊन बमरोली-पांडेसऱ्याच्या यंत्रमागांवर राबलेल्या माणसांना स्थलांतर म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोणी गाववाल्याने आणले, कोणी मुकादमाने, कोणी उचल घेऊन आले. ‘तुला कोणीतरी आणले, म्हणून तुझी सुटका करतो’ असे म्हणून मागावरच्या कामगाराला कोणी वर्षभर कोंडून ठेवले नाही. ठेवले असते तर त्याने काय म्हटले असते?

सुरतेच्या जुन्या शहरातील चकला बाजार ही अशीच राबणाऱ्या, पण नाव घ्यायला कोणी धजत नसलेल्या स्त्रियांची वस्ती होती. २००३च्या सुमारास पोलिसांच्या कारवाईने ती मोडली. ‘सहयोग महिला मंडळ’ या नावाने प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. कायद्यातील काही कलमे घटनेशी विसंगत आहेत, पोलिसांनी या स्त्रियांच्या राहत्या घरात शिरून त्यांना बाहेर काढू नये, असे अर्जदारांचे म्हणणे होते. २००४ साली निकाल लागला तो विरुद्ध. वेश्याव्यवसाय करणे हा मूलभूत हक्क नाही आणि खाजगीपणाच्या हक्काची सावली तिथवर पोहोचत नाही, असे न्यायालयाने ठरविले. निकाल निकालाच्या ठिकाणी. परंतु वस्ती मोडली म्हणजे धंदा संपतो, असे जगात कोठे घडलेले नाही. स्त्रिया विखुरतात, एकीला मारहाण झाली तर धावून येणारी शेजारीण उरत नाही, निरोध आणि औषधे घेऊन येणाऱ्या कार्यकर्तीला त्यांचा पत्ता लागत नाही. दलाल मात्र पत्ता शोधून काढतो.

आता कायद्याविषयी. १९५६ साली झालेल्या कायद्याचे इंग्रजी लघुरूप ‘सिटा’ असे होई. १९८६ साली दुरुस्ती होऊन नाव पालटले आणि ‘पिटा’ हा शब्द पोलीस ठाण्यापासून वृत्तपत्रापर्यंत रूढ झाला. मराठी कानाला तो आज्ञार्थी क्रियापदासारखा ऐकू येतो, हा योगायोगच. पण ज्यांच्यावर तो लागू होतो त्यांना योगायोग वाटत नसावा. या कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतःपुरता गुन्हा ठरविलेला नाही. कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे, हे गुन्हे. वरवर पाहता भेद स्पष्ट आहे. बारकाईने वाचले की तो पुसट होऊ लागतो. कुंटणखान्याच्या व्याख्येत दोन वा अधिक स्त्रिया परस्परांच्या लाभासाठी वापरीत असलेली जागाही येते. म्हणजे दोन मैत्रिणींनी भाडे परवडावे आणि सोबत असावी म्हणून एक खोली घेतली, तरी ती खोली कुंटणखाना. कमाईवर जगण्याच्या कलमात अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती येते. म्हातारी आई किंवा कॉलेजात शिकणारा मुलगाही त्या जाळ्यात सापडू शकतो. शाळा, देऊळ, दवाखाना अशा ठिकाणांपासून दोनशे मीटरांच्या आत व्यवसाय वर्ज्य आहे, आणि आपल्या जुन्या शहरांत देवळापासून दोनशे मीटर दूर असलेली जागा दाखविणाऱ्याला बक्षीस द्यावे लागेल. गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. स्त्रियांच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्यातील हे गणित आहे.

सर्वांत विचार करण्याजोगे आहे ते सतरावे कलम. छाप्यातून आणलेल्या स्त्रीविषयी दंडाधिकाऱ्याने कोणकोणती चौकशी करावी, हे तेथे सांगितले आहे. तिचे वय, तिचे चारित्र्य, तिचा पूर्वेतिहास. तिला ताब्यात घेण्यास तिचे आईवडील, पालक किंवा नवरा योग्य आहेत की नाहीत. घरी पाठविल्यास तेथील वातावरणाचा तिच्यावर कोणता परिणाम होईल. सल्ल्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ नेमता येते, त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. चौकशीनंतर एक ते तीन वर्षांपर्यंत तिला संरक्षणगृहात ठेवता येते. या यादीत एक गोष्ट नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या त्या बाईला स्वतःला काय हवे आहे, ही. एकोणिसाव्या कलमाने मात्र तिला अर्ज करण्याची मुभा दिली आहे, ती संरक्षणगृहात प्रवेश मिळावा म्हणून.

हा कायदा वाईट हेतूने जन्मला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१७ साली मुंबईत डंकन रोडवरील कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा छळ करून खून करण्यात आला. पळून जाऊ पाहणे हा तिचा अपराध. त्या खटल्याने शहर हादरले, आणि पुढे १९२३ साली मुंबईत वेश्याव्यवसायविषयक कायदा झाला. अकूताईला सुटका हवी होती; खऱ्या, आग्र्याच्या अर्थाने हवी होती. आजही कोवळ्या मुलींना फसवून, विकून आणले जाते. नेपाळच्या डोंगरातून कामाठीपुऱ्यात आणलेल्या मुलींच्या कहाण्या बनावट नाहीत. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून तेथील बालकांसाठी काम करणारी ‘प्रेरणा’ आणि तिच्यासारख्या संस्था कायद्याचा आग्रह धरतात, त्यामागे अशा मुलींचे चेहरे असतात. त्यांच्याशी मतभेद असू शकतो, त्यांची टवाळी करता येत नाही.

प्रश्न आहे तो छाप्यानंतरचा. फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबईत मोठी धरपकड झाली आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रिया एका झपाट्यात सरकारी गृहांत नेण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळ नेपाळी होत्या आणि त्यांचे सरकार त्यांना स्वीकारण्यास तत्पर नव्हते. महिन्यांमागून महिने त्या गृहांत राहिल्या, आणि काहींचा तेथेच अंत झाला. अकूताईच्या नावाने निघालेला रस्ता ऐंशी वर्षांनी येथे येऊन पोहोचला होता.

त्याच सुमारास दक्षिण महाराष्ट्रात वेगळे काही घडत होते. सांगलीत १९९२ साली मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ ही संस्था काढली, ती एड्सच्या प्रतिबंधासाठी. सांगलीचे गोकुळनगर, मिरज, सीमेपलीकडची निपाणी हा देवदासींचा प्रदेश. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, धंद्यात आलेल्या या स्त्रियांना निरोध वाटायला गेलेल्या कार्यकर्त्यांना लवकरच उमगले की निरोध ही त्यांची पहिली अडचण नाही. गुंड, पोलीस, दवाखान्यातील तुसडेपणा, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरील बापाच्या नावाची रिकामी जागा, या अडचणी त्याच्या कितीतरी आधी येतात. मग वाटणाऱ्या त्याच झाल्या आणि १९९६ साली स्त्रियांनी स्वतःची संघटना नोंदविली: ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. या नावाकडे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. सभ्य समाजाने शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी पहिल्या जागी ठेवला, आणि ‘मुक्ती’ हा शब्द घेतला तो धंद्यापासून नव्हे, अन्यायापासून. वेश्येला वेश्यापणापासून मुक्त करावे, असे शंभर वर्षे सुधारक म्हणत आले. अन्यायापासून मुक्ती द्या, मग पुढचे आमचे आम्ही पाहू, असे या चार शब्दांनी सांगितले. निपाणीत २००२ साली वस्ती उठविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा या स्त्रिया एकट्यादुकट्या नव्हत्या.

२० मे २००५ रोजी गोकुळनगरात छापा पडला. पोलिसांसमवेत एक अमेरिकन संस्था होती. मुलींना वाचविणे हा उद्देश सांगण्यात आला. प्रत्यक्षात प्रौढ स्त्रियाही मोठ्या प्रमाणावर उचलल्या गेल्या. योगायोग असा की याच काळात अमेरिकन सरकारच्या एड्सनिधीला एक अट जोडलेली होती. २००३च्या त्या देशाच्या कायद्यानुसार पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाविरुद्ध आपले धोरण लेखी जाहीर करायचे होते. ब्राझीलने २००५ साली चार कोटी डॉलर नाकारले. त्याच वर्षी सांगलीच्या संस्थेनेही अमेरिकन निधीवर पाणी सोडले. ज्या बायकांच्या भरवशावर काम उभे आहे, त्यांच्याविरुद्ध कागदावर सही करून त्यांच्याच दारी निरोध घेऊन कसे जायचे, असा तो साधा पेच होता. पुढे २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमेरिकन संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही, असे २०२० साली सांगितले. म्हणजे मत स्वतंत्र ठेवण्याचा हक्क देणाऱ्याच्या देशात, घेणाऱ्याच्या देशात नाही.

संग्रामने २००५ ते २०१७ या काळात छाप्यांत सापडलेल्या २४३ स्त्रियांशी बोलून २०१८ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील १९३ जणींनी, छाप्याच्या वेळी आपण स्वेच्छेने धंद्यात होतो, असे सांगितले. ‘स्वेच्छा’ या शब्दावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. दारिद्र्यातून केलेली निवड ही निवड असते काय? पण मग हा प्रश्न ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला, भट्टीवर विटा वाहणाऱ्या बाईला, बारा तासांची पाळी करणाऱ्या मागकामगारालाही विचारावा लागेल. त्यांना कायदा किमान वेतन देतो, निदान कागदावर. हिला छापा देतो. या अनुभवातून बायकाच पुढे आल्या आणि अल्पवयीन मुलगी वस्तीत आणली गेली तर तिला बाजूला काढण्याचे काम त्यांच्या संघटनेने अंगावर घेतले. खोलीत नवी पोर आली, हे शेजारच्या खोलीतील बाईइतके लवकर कोणाला कळणार? छाप्यात मात्र ती शेजारीणच आधी गाडीत बसविली जाते.

न्यायालयांची भाषा अलीकडे पालटू लागली आहे. २०१९ साली मुंबईत मालाडच्या एका गेस्टहाउसमधून ‘सोडविलेल्या’ तीन तरुण स्त्रियांना दंडाधिकाऱ्यांनी वर्षभर गृहात ठेवण्याचा आदेश दिला. त्या बेडिया समाजाच्या असून त्या समाजात ही रूढी आहे, असे एक कारण दाखविले गेले. जातीवरून बंदिवास, असा त्याचा सरळ अर्थ. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी त्यांना मुक्त केले. वेश्याव्यवसाय हा स्वतःपुरता गुन्हा नाही आणि प्रौढ स्त्रीला कोठे राहावे, कोठे फिरावे, कोणते काम करावे याचा घटनादत्त हक्क आहे, असा त्या निर्णयाचा आशय. त्या तिघींची खऱ्या अर्थाने सुटका झाली ती त्या दिवशी, आणि ती ‘सुटके’पासून.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात काढलेल्या आदेशाने आणखी पुढचे पाऊल टाकले. गृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांना सोडण्याची कार्यवाही करावी, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, पोलिसांनी सभ्यपणे वागावे, प्रसिद्धिमाध्यमांनी ओळख उघड करू नये, असे त्यात आहे. परंतु वृत्तपत्रांनी घाईने जे छापले ते पूर्णतः खरे नव्हते. छाप्यात सापडलेल्या स्वेच्छ प्रौढ स्त्रीला अटक करू नये, ही समितीची शिफारस केंद्र सरकारने हरकत घेतलेल्या शिफारशींपैकी होती आणि न्यायालयाने तिच्या पालनाचा आदेश त्या दिवशी दिला नाही. सर्वांत कळीचा मुद्दा नेमका तोच.

सरकारही एका तोंडाने बोलत नाही. टाळेबंदीत या स्त्रियांची चूल विझली तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यानंतर, महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना दरमहा ५,००० रुपये तीन महिने देण्याचे ठरविले. मुले शाळेत असलेल्यांना आणखी २,५०० रुपये. शासनाच्या यादीत पहिल्यांदाच त्या आरोपी किंवा पीडिता म्हणून नव्हे, तर पोट असलेल्या नागरिक म्हणून आल्या. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, नागपूरच्या गंगाजमुना वस्तीच्या गल्ल्या पोलिसांनी अडथळे लावून बंद केल्या. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या. ज्या पत्त्यावर मदत पाठवायची, तोच पत्ता पुसायला सरकार निघाले होते. आणि त्या बायका अडथळ्यांपाशी उभ्या राहून, आपल्याला येथून कोठेही जायचे नाही, असे सांगत होत्या.