मुक्त शिक्षण : फुकट आणि खुले
(स्वागताध्यक्षीय भाषण)

मुक्त शिक्षणाच्या विचारासाठीची ही परिषद नाशिकला भरण्यात औचित्य आहे, कारण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली येथेच उभे राहिले आणि बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट त्याने मोकळी करून दिली.

इंटरनेटवरील मुक्त शिक्षणाने गती घेतली ती त्यानंतर. आपले अध्यापन-साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा अमेरिकेतील एमआयटीने २००१ मध्ये केली. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा व्याख्याने इंटरनेटवर आणणारा उपक्रम सुरू केला आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे ऑनलाइन शिक्षणक्रमांचे व्यासपीठ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुण-एकक, ‘स्वयम’वरून मिळवण्याची मुभा दिली आहे. हजारोंना एकाच वेळी सामावणाऱ्या अशा शिक्षणक्रमांना ‘मूक’ हे इंग्रजी आद्याक्षरी नाव पडले. मराठी कानाला ते चमत्कारिक वाटते, पण अगदीच चुकीचे नाही : पडद्यावरचा शिक्षक बोलत राहतो, आणि मूक राहतो तो विद्यार्थी.

दिवसपाळी संपवून आलेली परिचारिका रात्री मोबाइलवर व्याख्यान लावते, इंग्रजी वाक्य निसटले की मागे नेऊन पुन्हा ऐकते, आणि आठवड्याचा स्वाध्याय मुदतीत पाठवण्याच्या धडपडीत असताना तिचा त्या दिवसाचा डेटा संपतो. शिकणे विनामूल्य असले तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला बहुधा शुल्क असते आणि केंद्रावर जाण्यासाठी रजाही काढावी लागते. नाव नोंदवणाऱ्यांतील दहांतला एखादाच शेवटपर्यंत पोचतो, हा अशा शिक्षणक्रमांचा सर्वत्र आलेला अनुभव आहे. त्याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

फुकट आणि खुले यांत मात्र फरक केला पाहिजे. जे पैसे न देता पाहता येते ते फुकट. ज्याची प्रत काढण्याची, त्यात बदल करण्याची आणि भाषांतर करण्याची परवानगी लेखकाने आधीच लेखी देऊन ठेवलेली असते, ते खुले. अशा परवानगीला खुला परवाना म्हणतात. मराठीच्या दृष्टीने हाच भेद निर्णायक आहे, कारण परवान्याअभावी उत्तम व्याख्यानाचेही मराठी रूपांतर कायद्याच्या उंबरठ्यावर अडते. शिवाय यंत्राने केलेली उपशीर्षके तपासण्यास विषय आणि भाषा दोन्ही जाणणारा शिक्षक लागतोच.

मराठीतून लिहिलेली स्वयंअध्ययन-पुस्तके, अर्थात शिक्षकाविना वाचून समजतील अशी पाठ्यपुस्तके, अनेक संस्थांच्या कपाटांत आहेत. प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या संस्थेचे असे निदान एक पुस्तक खुल्या परवान्याखाली आणण्याचा प्रस्ताव परतताना सोबत न्यावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.