डोक्याचा मुका मार



संयोजक म्हणाले, तुझ्या कामाबद्दल बोल. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते, पण आज बोलणार आहे ते सुट्टीच्या दिवशीच्या कामाबद्दल. आम्ही काही जण कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलांना, खेळशिक्षकांना आणि आशाताईंना कन्कशन ओळखायला शिकवतो.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, डोक्याचा मुका मार. रक्त येत नाही, टेंगूळ येईलच असं नाही. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही काही दिसत नाही. मूल उठतं, माती झटकतं आणि म्हणतं, "काही नाही झालं, सर." खरी अडचण इथेच आहे. मार बसलाय मेंदूला आणि 'बरा आहेस ना' हेही आपण त्याच मेंदूला विचारतो. आमच्या क्षेत्रात बिघडलेल्या यंत्राने स्वतःबद्दल दिलेल्या अहवालावर कोणी विसंबत नाही.

2019 च्या लॉर्ड्स कसोटीत आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन पुन्हा फलंदाजीला आला. त्रास जाणवला दुसऱ्या दिवशी. मग त्याच्या जागी लाबुशेन खेळला, कसोटीतला पहिला कन्कशन-बदली खेळाडू. डॉक्टर हजर असताना ही गत, तर तालुक्याच्या मैदानावर काय होत असेल?

म्हणून आम्ही साधे प्रश्न शिकवतो. आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी झाला? उत्तर अडखळलं, तोल गेला, डोकं दुखलं, मळमळलं किंवा नजर शून्यात लागली, तर त्या दिवसाचा खेळ संपला. उत्तरं बरोबर आली, तरी शंका असेल तर बाहेरच. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात जिवावर बेतू शकतं.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, बेशुद्धी यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. इतरांनीही डॉक्टरांना दाखवायचं. मुलाला एकटं सोडायचं नाही. पहिले एक-दोन दिवस धावपळ नको, मोबाइल कमी. मग आधी अभ्यास, नंतर पायरीपायरीने व्यायाम. अंगाला अंग भिडणारा खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

सर, पडल्यावर उठायला तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्याचं मोल आयुष्यभर कळत आलं आहे. त्याला एक जोड हवी: आपला गडी डोक्यावर पडला, तर त्याच्या वतीने हात वर करून सामना थांबवायचा. हे धाडस सोबत्याचं. संघातून बाहेर बसावं लागेल या भीतीने ज्याला लागलंय तो बोलणार नाही.

आपल्या बॅचच्या देणगीतून फलक लागणार आहेच. त्याच्या शेजारी, खेळाच्या खोलीच्या दारावर, ही लक्षणं लिहिलेला एक कागदही लावूया. मी तो छापून आणला आहे.