कागद वाचवा, पण डोळेही वाचवा



विद्या स्वस्त झाल्याखेरीज ती शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरात शिरत नाही. म्हणून आज आम्ही कागदाचा हिशेब मांडतो. एका मोठ्या कागदावर दोन्ही अंगांनी मिळून १६ पृष्ठे छापतात आणि त्यास तीन घड्या घालतात, हाच फर्मा. पृष्ठावर २५ ओळी असलेले १९२ पृष्ठांचे पुस्तक १२ फर्म्यांचे होते. वरखालचा समास आवळून ३० ओळी बसविल्या, तर तेच १६० पृष्ठांत, १० फर्म्यांत मावते. सहावा हिस्सा कागद वाचला!

व्हेनिसच्या आल्डुस मानुटियसने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य तिरप्या, दाट टाइपात छापून हातात मावेल एवढे केले. पण आपल्या अक्षराची ठेवण निराळी. वर वेलांटी नि रफार, खाली उकार. ओळी फार दाटल्या की ती एकमेकांस भिडतात. ज्या घरात पहिलीच पिढी वाचते, तेथे असले पुस्तक मिटलेलेच राहते.

म्हणून छापणाऱ्यांनो, समास आवळा, कोरी पाने गाळा. अक्षर मात्र बारीक करू नका. आणि घेणाऱ्यांनो, घरच्या वडीलधाऱ्यांस एक पान वाचावयास द्या. त्यांस वाचता आले, तरच पैसे मोजा.