शिवसागरावरील पहिला जलप्रवास

सांगलीच्या घाटावरून कृष्णा पाहणाऱ्या कुटुंबास पहिल्या जलप्रवासासाठीं समुद्रच गांठावयास हवा, असें नाहीं. साताऱ्याहून कासमार्गें बामणोलीस उतरलें कीं कोयनेचा शिवसागर समोर पसरतो. १९६४ सालीं पुऱ्या झालेल्या धरणामुळें जावळी खोऱ्यांतील कित्येक गांवें या पाण्याखालीं गेलीं. मुलांना हें नावेंतच सांगावें. नुसतें ‘किती सुंदर!’ म्हणून परतणें अपुरें. याच पाण्याचा मोठा भाग पश्चिमेस वीजगृहाकडे वळतो. उरलेलें कराडास कृष्णेला मिळून सांगलीस येतें.

वासोट्याचा पायथा नावेनें सुमारें दीड तासावर आहे. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यांत किल्ला बंद. सकाळींच निघावें, शिदोरी घ्यावी, लाइफ-जॅकेटावांचून कोणीहि बसूं नये. मुलें लहान असल्यास गडाचा हट्ट सोडून नाव तापोळ्याकडे वळवावी.